सोन्याच्या २५ अणूंचे क्लस्टर: सांगलीच्या प्रयोगशाळेतील नोंदी, जुलै ते नोव्हेंबर २०२४

या नोंदी सांगलीतील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात, एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केलेल्या कामाच्या आहेत. सोन्याचे २५ अणू आणि त्यांच्याभोवती फिनाइलइथेनथायोल या गंधकयुक्त संयुगाचे (पुढे नुसते थायोल) १८ गट, एवढीच नेमकी घडण असलेले क्लस्टर, म्हणजे मोजक्या अणूंचा पुंजका, शुद्ध स्वरूपात तयार करायचे आणि ते तेच आहे याची खात्री पटवायची, हे आमचे उद्दिष्ट होते. छापील कृती हाताशी असूनही आमचे पहिले दोन प्रयत्न पूर्ण वाया गेले. लहान महाविद्यालयात, पावसाळ्याच्या हवेत आणि मोजक्या पैशांत हे काम करू पाहणाऱ्यांचे सोने आणि वेळ वाचावा म्हणून ही नोंदवही जशी लिहिली गेली तशी देत आहे.

२६ जुलै

२३ जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आणि भाव उतरला, म्हणून खरेदी आजच उरकली. सराफ बाजारातून ९९९ टंचाचे एक-एक ग्रॅमचे दोन तुकडे घेतले. ग्रॅमला सुमारे सात हजार रुपये पडले. तयार गोल्ड क्लोराइड मागवण्याचा विचार होता, परंतु त्यातील सोन्याच्या मानाने त्याची किंमत फार होती आणि यायला तीन आठवडे लागणार होते. विट्याकडचा विद्यार्थी गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायातील घरातला आहे, त्यामुळे सोने आम्लात विरघळवणे ही त्याच्या दृष्टीने नवलाची गोष्ट नव्हती. सराफाकडूनच दोन्ही तुकड्यांचा रोलरखाली पातळ पत्रा काढून घेतला. अखंड तुकडा विरघळायला बराच वेळ घेतो आणि तेवढा वेळ आम्लाच्या वाफा सोसाव्या लागतात.

२९ जुलै

पहिल्या एक ग्रॅम पत्र्याचे कात्रीने बारीक तुकडे करून ८ मिली अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) टाकले. तपकिरी वाफा येत असल्यामुळे सर्व काम फ्यूम कबर्डमध्येच केले. तासाभरात सोने विरघळले आणि तळाशी पांढरा, अगदी थोडा गाळ राहिला. तो सिल्व्हर क्लोराइडचा आहे. ९९९ टंचाच्या सोन्यातही एवढी चांदी सापडते. हा गाळ साध्या फिल्टर पेपरने गाळला, ही आमची पहिली चूक झाली. दुसऱ्या दिवशी त्या कागदाची कडा जांभळी झालेली दिसली, म्हणजे कागदानेच थोड्या सोन्याचे क्षपण केले होते (विरघळलेले सोने पुन्हा धातुरूपात आणले होते). यापुढे सिंटर्ड काचेची गाळणी वापरायची. तो कागद टाकून न देता सोन्याच्या अवशेषांसाठी ठेवलेल्या बरणीत टाकला.

याच ठिकाणी एक सूचना ठळकपणे लिहून ठेवतो. सोन्याच्या क्लोराइडजवळ अमोनिया आणू नये. त्यातून तयार होणारा पदार्थ वाळल्यावर नुसत्या घासण्यानेही स्फोट पावतो. आमच्या कपाटात अमोनियाची बाटली याच फळीवर होती. ती आजच दुसऱ्या खोलीत हलवली.

१ ऑगस्ट

नायट्रिक आम्ल घालवण्यासाठी द्रावण मंद आचेवर आटवायचे, त्यात ५ मिली हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे आणि पुन्हा आटवायचे, असे दोनदा केले. दुसऱ्या वेळी पाक दाट झाला, थंड होताच त्यात नारिंगी-पिवळ्या सुया दिसू लागल्या, आणि काम झाले असे समजून आम्ही थांबलो. तापमान १०० अंशांच्या पुढे जाऊ दिले नाही, कारण जास्त उष्णतेने क्लोराइडचे विघटन होऊन भांड्यालाच सोने चिकटते.

६ ऑगस्ट, पहिला घाणा

कृती अशी ठरवली. ०.४ मिलिमोल गोल्ड क्लोराइड ५ मिली पाण्यात आणि ०.२५६ ग्रॅम टेट्राऑक्टिलअमोनियम ब्रोमाइड, म्हणजे टीओएबी (सोने पाण्यातून टोल्युइनमध्ये नेणारा क्षार), १० मिली टोल्युइनमध्ये घ्यायचे. दोन्ही एकत्र जोरात ढवळले की पाण्याचा पिवळा रंग जातो आणि टोल्युइन गडद तांबडे होते. पाणी वेगळे काढून टोल्युइन बर्फात थंड करायचे, त्यात ०.१७ मिली थायोल टाकून अतिशय हळू ढवळत रंग पूर्ण जाईपर्यंत थांबायचे, आणि मग क्षपण करणारे ०.१५५ ग्रॅम सोडियम बोरोहायड्राइड ७ मिली बर्फाच्या पाण्यात विरघळवून एकदम ओतायचे.

अडचण वजनापासूनच सुरू झाली. बाहेर पावसाची झड होती, खोलीत दमट हवा होती, आणि गोल्ड क्लोराइड हवेतील पाणी भराभर ओढून घेते. काचेच्या वाटीत ०.१५८ ग्रॅम घेतले, तर पाहता पाहता तराजूवरचा आकडा ०.१६१ आणि मग ०.१६४ झाला आणि सुयांच्या कडा वितळून वाटीला चिकटल्या. विद्यार्थिनीने स्टीलचा स्पॅट्युला वापरला होता, त्याच्या टोकावर काळसर थर चढला, कारण स्टील स्वतः गंजून सोने खाली बसवते. या क्षाराला फक्त काचेचा किंवा प्लॅस्टिकचा चमचा लावावा.

थायोल टाकल्यावर रंग जाऊन द्रावण स्वच्छ होण्याऐवजी त्यात गुलाबीसर झाक तासाभरानंतरही टिकून राहिली. तरीही आम्ही पुढे गेलो, आणि तसे जायला नको होते. बोरोहायड्राइड ओतताच द्रावण काळे पडले, पण संध्याकाळपर्यंत त्याला वाइनसारखी लाल छटा आली.

८ ऑगस्ट

द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते हे दाखवणाऱ्या वर्णपटात ५२० नॅनोमीटरच्या आसपास एक रुंद उंचवटा आला आणि त्याखेरीज काहीही नाही. हा प्लाझमॉनचा, म्हणजे कणातील इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित हेलकाव्याचा, शोषपट्टा आहे आणि त्याचा अर्थ सोन्याचे मोठे कण तयार झाले असा होतो. आपल्याला हवे असलेले क्लस्टर इतके लहान असते की त्यात हा पट्टा नसतोच. त्याऐवजी ४०० व ४५० च्या जवळ दोन आणि ६८५ च्या जवळ एक, असे सुटे उंचवटे दिसायला हवेत. म्हणजे पहिला घाणा गेला.

गुलाबी झाकेचा विचार केल्यावर कारण लक्षात आले. क्षारात नायट्रिक आम्ल उरलेले असावे. ते थायोलशी अभिक्रिया करून लालसर नायट्रोसोथायोल तयार करते आणि बाकी थायोल डायसल्फाइडमध्ये बदलते, त्यामुळे कणांना झाकायला थायोल अपुरा पडतो आणि कण वाढत जातात. हे अनुमान तपासण्यासाठी उरलेल्या क्षाराला आणखी तीन वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल घालून आटवले. पहिल्या खेपेलाच पुन्हा तपकिरी वाफा दिसल्या, तेव्हा शंका राहिली नाही. वाफांचा रंग पूर्ण जाईपर्यंत हे करत राहायचे. ‘दोनदा’ किंवा ‘तीनदा’ या आकड्यावर विसंबू नये.

१३ ऑगस्ट, दुसरा घाणा

या वेळी थायोल टाकल्यावर तासाभरात टोल्युइन तांबड्याचे फिकट पिवळे आणि मग जवळजवळ रंगहीन झाले. विद्यार्थ्यांना आनंद झाला आणि मलाही. परंतु बोरोहायड्राइड ओतल्यावर जो काळा रंग क्षणात यायला हवा तो आलाच नाही. द्रावण आधी गढूळ पांढरे राहिले, मग चहासारखे तपकिरी झाले आणि तेथेच थांबले. दुसऱ्या दिवशी तळाशी पिवळसर पांढरा साका बसला होता. तो क्षपण न झालेल्या सोने-थायोलेटचा, म्हणजे थायोलशी जोडलेल्या सोन्याचा, होता.

दोष बोरोहायड्राइडचा होता. बाटली तीन वर्षांपूर्वीची, झाकण सैल, आणि आतली पावडर ढेकळे धरलेली होती. चिमूटभर पावडर विरल आम्लात टाकून पाहिली तर बुडबुडे मंदपणे आले, ताज्या पावडरीसारखे उसळले नाहीत. त्यातच आम्ही द्रावण आधी तयार करून ठेवले, नेमकी वीज गेली, आणि ढवळणी सुरू होईपर्यंत वीस मिनिटे ते तसेच बसले. पाण्यात बोरोहायड्राइडचे विघटन सतत चालू असते, ते बर्फाने मंदावते इतकेच, थांबत नाही. नवी २५ ग्रॅमची बाटली मागवली, कारण मोठी बाटली आमच्या हवेत वाया जाते. ती सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवली आणि नियम केला की पावडर आधी तोलून झाकून ठेवायची, थंड पाणी शेवटच्या मिनिटाला घालायचे आणि लगेच ओतायचे.

येथपर्यंत सुमारे १५० मिलिग्रॅम सोने आणि तीन आठवडे गेले होते.

२० ऑगस्ट

क्षार तोलण्याचा प्रश्न एका साध्या युक्तीने सुटला, आणि ती पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. क्षार तोलायचाच कशाला? सोने तोलता येते. दुसरा पत्रा तोलला, तो १.००० ग्रॅम भरला. तो विरघळवून, नायट्रिक आम्ल पूर्ण घालवून, उरलेला पाक थेट पाण्यात घेतला आणि आकारमापी फ्लास्कमध्ये ५० मिली केला. सोन्याचा अणुभार १९६.९७ असल्यामुळे यात ५.०८ मिलिमोल सोने आहे, म्हणजे द्रावण ०.१०१५ मोलर झाले. आता प्रत्येक घाण्याला पिपेटने ४ मिली घ्यायचे की ०.४०६ मिलिमोल, म्हणजे ८० मिलिग्रॅम सोने अचूक येते. दमट हवा, चिकटणारी वाटी, गंजणारा चमचा, हे सर्व संपले. जुलैतल्या खरेदीच्या भावाने एका घाण्याला साधारण ५६० रुपयांचे सोने लागले. बाटली तपकिरी काचेची घेतली आणि काळ्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली.

२४ ऑगस्ट

आज काम नाही, तक्रार. वापरलेले हातमोजे कोणीतरी साध्या कचरापेटीत टाकले आणि थायोलचा वास जिन्यापर्यंत पसरला. खालच्या मजल्यावरच्या विभागातून गॅस गळतो आहे का, अशी विचारणा झाली. लोकांना घाबरवणे बरोबर नाही. आता फ्यूम कबर्डमध्ये ब्लीचिंग द्रावणाची झाकणबंद बादली ठेवली आहे. पिपेटची टोके, मोजे, टिश्यू, सर्व काही रात्रभर तिच्यात बुडवून ठेवायचे आणि मगच बाहेर काढायचे. या बादलीत आम्ल कधीही ओतू नये, क्लोरीन वायू निघतो.

३ सप्टेंबर, तिसरा घाणा

हळू ढवळणे म्हणजे मिनिटाला सुमारे ३० फेरे. आमची जुनी चुंबकीय ढवळणी इतक्या कमी वेगावर चालत नाही. तिचे बटण थोडे मागे नेले की नीडल थरथरते आणि एकदम उडी मारते. थायोल घातल्यानंतरच्या त्या तासात सोने-थायोलेटचे जे पुंजके तयार होतात, त्यांच्या घडणीवर पुढचे क्षपण किती एकसारखे होईल हे अवलंबून असते, म्हणून ही पायरी सोडून देता येत नव्हती. शेवटी ढवळणी बंद करून फ्लास्क बर्फाच्या भांड्यात धरला आणि तो हाताने, घड्याळ पाहत, हळूहळू फिरवत राहिलो. तिघांनी पाळ्या लावल्या. बर्फ मिरजेच्या कारखान्यातून आणलेल्या लादीचा होता. घरातल्या फ्रिजचे तुकडे तासभर पुरत नाहीत. सत्तर मिनिटांनी द्रावण पाण्यासारखे झाले. मग ढवळणी पूर्ण वेगाने सुरू करून बोरोहायड्राइड एका दमात ओतले. द्रावण डोळ्यांदेखत शाईसारखे काळे झाले आणि हायड्रोजनचा फेस फ्लास्कच्या मानेपर्यंत चढला. यासाठी फ्लास्क घाण्याच्या मानाने मोठा घ्यावा आणि तोंड उघडे ठेवावे. जवळ ज्योत नको.

४ सप्टेंबर

वर्णपट निराशाजनक आला. ५२० चा पट्टा नाही हे खरे, पण उंचवटेही नाहीत. डावीकडून उजवीकडे सपाट उतरत जाणारी रेषा. म्हणजे लहान-मोठ्या क्लस्टरची खिचडी. विद्यार्थिनी म्हणाली, “सर, हा घाणा पण धुऊन टाकू का? शनिवारी गणपती, मग कोण येणार नाही.” मी टाकू नको म्हटले. फ्लास्कवर सैल झाकण लावले, ढवळणी मंद सुरू ठेवली आणि सात तारखेच्या गणेश चतुर्थीसाठी आम्ही सगळे आपापल्या घरी गेलो.

१२ सप्टेंबर

पाच दिवसांचे गणपती विसर्जित करून आज परत आलो. फ्लास्कमधल्या काळ्या रंगात आता तांबूस-तपकिरी झाक होती. वर्णपट घेतला आणि पडद्यावर ६८५ नॅनोमीटरला स्पष्ट उंचवटा उभा राहिला, ४५० आणि ४०० चेही दिसले. मी तो आलेख तीन वेळा पुन्हा घेतला, क्युव्हेट बदलून, द्रावण पातळ करून, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

या कामात माझ्या मनात जी गोष्ट सर्वांत खोल बसली ती हीच आहे. क्षपणाच्या क्षणी जे तयार होते ते हवे असलेले क्लस्टर नसते, तर मिश्रण असते. नंतरच्या दिवसांत द्रावणात उरलेला थायोल कमी टिकाऊ क्लस्टर झिजवत जातो आणि २५ अणूंचे क्लस्टर, सर्वांत टिकाऊ असल्यामुळे, मागे उरते. या घडणीत मध्यभागी १३ अणूंचा वीस पृष्ठांचा गाभा आणि त्यावर दोन सोने व तीन थायोलेटच्या सहा कड्या असतात. १३ आणि १२ मिळून २५, सहा त्रिक १८. ही रचना २००८ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी स्फटिकांच्या साहाय्याने स्वतंत्रपणे निश्चित केली. ऋणभारित असताना तिच्यात आठ मुक्त इलेक्ट्रॉन धरले जातात, आणि आठ हा भरलेल्या कवचाचा आकडा आहे. हा टिकाऊपणा किती खरा आहे हे आम्ही गणपतीच्या सुटीत, प्रयोगशाळेत कोणी नसताना, नकळत पाहिले.

१९ ते २४ सप्टेंबर, चौथा घाणा

या वेळी रोज सकाळी दहा वाजता ०.१ मिली नमुना काढून वर्णपट घेतला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी ६८५ जवळ किंचित वाकलेली रेषा. तिसऱ्या दिवशी उंचवटा म्हणता येईल असा आकार. चौथ्या आणि पाचव्या दिवसाचे आलेख एकावर एक ठेवले तर जवळजवळ जुळले, म्हणून तेथे थांबलो. छापील कृतीत एक रात्र पुरते. आम्हाला चार दिवस लागले. फरक बहुधा हाताने फिरवण्याच्या असमान वेगामुळे पडला. दुसऱ्या कोणी हे केले तर दिवस न मोजता आलेख जुळेपर्यंत थांबावे.

२७ सप्टेंबर, शुद्धीकरण

टोल्युइन उडवून टाकल्यावर तेलकट काळा लगदा राहिला. त्यात टीओएबी, डायसल्फाइड आणि उरलेला थायोल असतो. मेथॅनॉल घालून हलवले की क्लस्टर खाली बसते आणि मळ वर राहतो. असे तीन वेळा धुतले. त्यानंतर ॲसिटोनायट्राइल घातले: २५ अणूंचे क्लस्टर, टीओएबीतील धनभारित अमोनियम गटासह क्षाराच्या रूपात, त्यात विरघळते आणि मोठे क्लस्टर तळाशी राहतात. ही पायरी डोळ्यांना फार सुखावणारी आहे, कारण काळ्या गाळातून स्वच्छ, नारिंगी-तपकिरी द्रावण वर येते. वाळल्यावर ३८ मिलिग्रॅम मिळाले. ८० मिलिग्रॅम सोन्यापासून जास्तीत जास्त १२८ मिलिग्रॅम मिळू शकले असते, म्हणजे उतारा ३० टक्के. तळाचा काळा भाग अवशेषांच्या बरणीत गेला.

७ ऑक्टोबर

शुक्रवारी विद्यार्थ्याने डायक्लोरोमिथेनमधला नमुना उघड्या कुपीत टेबलावर ठेवला आणि आज सोमवारी तो हिरवट झालेला सापडला. क्लस्टर बिघडले असे समजून आम्ही तो ओतून देण्याच्या बेतात होतो. ओतण्याआधी वर्णपट घेतला, हे चांगले झाले. ४०० चा उंचवटा अधिक ठळक, ४५० चा बुजलेला, ८०० कडची शेपटी गेलेली. ही विघटनाची खूण नाही. हवेतील ऑक्सिजनने एक इलेक्ट्रॉन काढून घेतला आणि ऋणभारित क्लस्टर उदासीन झाले. उदासीन रूप हिरवे असते. तपासण्यासाठी कुपीत बोरोहायड्राइडचा एक कण टाकून हलवले, तर थोड्याच वेळात हिरवा रंग जाऊन मूळचा तपकिरी परत आला. गाभा तसाच, फक्त एक इलेक्ट्रॉन इकडे-तिकडे. विद्यार्थ्यांनी हे चार वेळा करून पाहिले आणि मी त्यांना थांबवले नाही. यापुढे नमुने नायट्रोजन भरून, घट्ट झाकून, फ्रिजमध्ये ठेवायचे.

१० ऑक्टोबर, स्फटिक, पहिला प्रयत्न

१ मिली टोल्युइनमध्ये २० मिलिग्रॅम घेऊन लहान कुपी एका मोठ्या बरणीत ठेवली, बरणीत इथेनॉल ओतले आणि झाकण लावले. इथेनॉलची वाफ हळूहळू टोल्युइनमध्ये शिरते आणि क्लस्टर बाहेर पडते. दसऱ्याच्या सुटीनंतर कुपीच्या भिंतीवर सुंदर सुया दिसल्या. वनस्पतिशास्त्र विभागाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर त्या पांढऱ्या निघाल्या. त्या टीओएबीच्या होत्या. तीनदा धुणे पुरेसे नव्हते.

२२ ऑक्टोबर, स्फटिक, दुसरा प्रयत्न

या वेळी मेथॅनॉलने सहा वेळा धुतले आणि शेवटच्या धुणातला थेंब काचपट्टीवर वाळवून पाहिला. पांढरा डाग उमटला नाही तेव्हाच पुढे गेलो. बरणी वर्दळ नसलेल्या तराजूच्या खोलीत ठेवली होती. चार दिवसांनी, आज, तळाशी काळ्या बारीक सुया आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली सुई जाड असेल तेथे कोळशासारखी काळी दिसते, पण टोकाला, जेथे ती पातळ होते तेथे, प्रकाश आरपार येतो आणि कडा मधासारखी तपकिरी दिसते. जुन्या तपकिरी काचेच्या औषधाच्या बाटलीच्या कडेची आठवण झाली. या सुया अजून क्ष-किरणांच्या मापनासाठी गेलेल्या नाहीत, त्यामुळे रचनेबद्दल आमचा स्वतःचा पुरावा नाही. आहे तो वर्णपटाचा आणि वस्तुमानाचा.

२८ ऑक्टोबर, वस्तुमान

बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडून मॅल्डीचे, म्हणजे लेझरच्या साहाय्याने वस्तुमान मोजण्याच्या पद्धतीचे, निष्कर्ष आले. डीसीटीबी हे मॅट्रिक्स (नमुना ज्यात मिसळून लेझरखाली ठेवतात तो पदार्थ) वापरण्याची विनंती आम्ही आधीच लिहून दिली होती, कारण दुसऱ्या मॅट्रिक्समध्ये क्लस्टर सहज फुटते. मुख्य शिखर ७३९४ च्या जवळ आहे. २५ गुणिले १९६.९७ आणि १८ गुणिले १३७.२, यांची बेरीज तीच येते. दुसरे, लहान शिखर ६०५७ च्या जवळ आहे; तेथे चार सोने आणि चार थायोलेट एकदम गळून पडलेले आहेत. हे लेझरच्या जोराने होते आणि या क्लस्टरची ओळख म्हणूनच ते पाहिले जाते. याखेरीज वर काहीही नाही, ना १४४ अणूंच्या क्लस्टरची मोठी टेकडी, ना दुसरे काही. विद्यार्थिनीने ती बेरीज फळ्यावर लिहून ठेवली आहे आणि दिवाळीच्या सुटीआधी कोणी ती पुसलेली नाही.

९ नोव्हेंबर, सोने परत मिळवणे

चौथ्या घाण्यानंतर आणखी चार घाणे केले, त्यांतला एक वीज गेल्यामुळे फसला. सर्व मिळून शुद्ध क्लस्टर १४० मिलिग्रॅम आहे, त्यात सोने सुमारे ८८ मिलिग्रॅम. हिशोब मांडला तर बरणीत साधारण ५४० मिलिग्रॅम सोने असायला हवे: जांभळा कागद, पहिले दोन घाणे, तळाचे काळे गाळ, धुणाचे पाणी.

विट्याच्या विद्यार्थ्याचे मामा तमिळनाडूत गलाईचे दुकान चालवतात आणि दिवाळीला गावी आले होते. बरणी त्यांच्याकडे नेण्याआधी आम्ही सर्व द्रावक फ्यूम कबर्डमध्ये उडवून घेतले. क्लोरीनयुक्त द्रावकाचा भाग वेगळा ठेवला, तो जाळायचा नाही. सेंद्रिय द्रावक असलेल्या अवशेषांवर थेट अम्लराज ओतणे धोक्याचे आहे, म्हणूनही हा जाळण्याचा मार्ग धरला. मामांनी मूस हातात घेऊन आतला काळा चुरा बोटाने चाळवला आणि विचारले, “गंधकाचा वास येतोय, ह्यात काय घातलंय?” मी सांगितले. ते म्हणाले, “मग घराजवळ नको, शेतात जाळू. आणि सर, आच हळू चढवायची. सोनं कुठं जात नाही, पण जाळ एकदम घातला की धुराबरोबर उडतं.”

बांधावर लहान भट्टी लावली. दीड तास मंद आचेवर सर्व जळून तांबूस राख झाली, मग त्यांनी सवागी (टाकणखार) घालून भाता मारला. वितळलेल्या सवागीच्या हिरवट काचेखाली ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा पिवळा मणी बसला. मामांनी तो काचेतून फोडून काढला, विरल आम्लात उकळून धुतला आणि आमच्या तराजूवर तो ०.४७ ग्रॅम भरला.

सुमारे ७० मिलिग्रॅमचा फरक राहतो. त्यातले काही ब्लीचच्या बादलीतून गेले असावे, कारण तिचे पाणी आम्ही पहिले दोन महिने सरळ ओतून देत होतो. आता तेही एका पिंपात साठवायला सुरुवात केली आहे. हा मणी सोमवारी सराफाकडे पत्रा काढायला जाईल आणि पुढच्या द्रावणासाठी, १.००० ग्रॅम पुरे करायला, ०.५३ ग्रॅम नवे सोने घ्यावे लागेल.